एका फळाची एक घागर

वन्सं, तुमच्या तेराव्याला जेवायला आलेल्या सगळ्या बाया तुमचं चांगलंच बोलत होत्या आणि मला संताप येत होता. 'अक्का लई गुणाची', 'अक्का म्हंजी देवमाणूस', 'अक्काचा शब्द कुणाला लागला न्हाई कदी'. लागला नाही? तुमचा शब्द म्हणजे बाभळीचा काटा होता. माझ्या अंगात तो लग्न होऊन आले त्या वर्षापासून रुतलेला आहे. मी वाढत होते, ऐकत होते आणि मनात म्हणत होते, तुम्ही इथे असतात तर म्हणाला असतात, "इंदे, ह्यांचं रडणं आवरूस्तोर पुऱ्या गार व्हायल्या, वाढ आदी."

त्या हसऱ्या चेहऱ्याच्या, हार घातलेल्या फोटोतली बाई मला ओळखूच येत नव्हती. तुम्ही कधी हसलात अशा?

जेवणं झाली आणि ओसरीवर सुपारी फिरली तेव्हा सरूबाईनं विषय काढला. आपल्या बायकांच्या संस्थेतली सगळ्यात खणखणीत आवाजाची बाई ती. म्हणाली, "अक्काचा दिस म्हंजी दसरा. यंदा बी दसऱ्यालाच डोंगर तोडणीला उघडायचा. अक्काच्या नावानं." सगळ्या माना हलल्या. मी म्हणाले, "सीताफळ अजून लिंबाएवढंय, सरूबाई. पाऊस मागं आला, फूल मागं आलं." तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तुमच्या राखेत पाय दिला. "अक्का हुत्या तवाबी तू हेच म्हणायचीस," ती म्हणाली. "आता तरी त्यांचा शब्द राहू दे."

तुमच्याशी भांडायला मला कधी भीती वाटली नाही. तुमच्या फोटोशी कसं भांडायचं ते मात्र मला कळेना.

मी या घरात आले तेव्हा तुम्ही आधीच इथे होता. नवरा गेल्यावर सासरच्यांनी पाठवून दिलेली नणंद, पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून माझ्या भाकरीकडे बघणारी. "कडा जाड हायेत," हे तुमचं माझ्याशी पहिलं बोलणं. आणि पाठीमागच्या दारातून दिसायचा तो आपला डोंगर, उघडाबोडका. त्यावर हिरवं असं एकच होतं, सीताफळीची झुडपं. मला वाटायचं कुणी लावली असतील. तुम्ही म्हणालात, "लावतंय कोण? शेळी तोंड लावत न्हाई म्हणून राह्यल्यात. लाकूडतोड्याला बी त्यात लाकूड दिसत न्हाई. कुणालाच नको असलेलं झाड हाय ते." मग जरा थांबून म्हणालात, "माज्यावानी."

मी त्यावर काही बोलायला हवं होतं का, ते मला अजूनही ठरवता येत नाही.

डोंगर बंद करायचं खूळ तुमच्या डोक्यात त्या झुडपांमुळेच आलं. एकदा तुम्ही मला हाताला धरून वर नेलंत, एका सीताफळीच्या फांद्या बाजूला केल्यात आणि आत बोटभर कडुनिंब दाखवलात. दुसऱ्या झुडपात धावडा, तिसऱ्यात बोर. शेळी सीताफळीला शिवत नाही, म्हणून तिच्या पोटात लपलेलं रोपही वाचतं. "ह्यांना नुसतं ऱ्हाऊ दिलं तरी डोंगर हुईल," तुम्ही म्हणालात. मी मनात म्हणाले, ही बाई वेडी आहे. आणि मग तुम्ही घरोघरी जाऊन, शिव्या खाऊन, बाया गोळा करून डोंगराच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांचं फाटक घातलंत. गुरं आत नाहीत, कुऱ्हाड आत नाही. गवत विळ्यानं कापायचं, डोक्यावर आणायचं, सगळ्यांना सारखं.

पहिला मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी तुम्हाला शाप दिले आहेत, वन्सं. गावातली जनावरं छावणीला गेली. आपली बैलजोडी गोठ्यात उभी, बरगड्या मोजाव्यात अशी, आणि डोंगरावर वाळलेलं का होईना पण गुडघाभर गवत. तुमच्या भावानं तुमच्यापुढे हात जोडले. "अक्का, चार दिस बैलं आत सोडतो. कुणाला कळायचं न्हाई." तुम्ही म्हणालात, "मला कळंल." आपल्या वाट्याचं गवत संपलं तेव्हा बैल वडवणीच्या बाजारात गेले. तुमच्या भावानं त्यांच्या शिंगांना हात लावून दावं दुसऱ्याच्या हातात दिलं आणि घरी येऊन तुमच्याशी बोलणं टाकलं. एका घरात राहून, एका तव्यावरची भाकरी खाऊन, बहीणभाऊ मुके. मधे मी, निरोप्या. "त्याला म्हणावं आंघोळीला पाणी काढलंय." "तिला म्हणावं नको." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी खाल्ला त्या दिवसांत.

पण त्याच उन्हाळ्यात डोंगराच्या पायथ्याचा आड आटला नाही, हेही सांगितलं पाहिजे. खाली गेला, गढूळ झाला, पण आटला नाही. तेलगावाकडच्या उसाच्या पट्ट्यात विहिरी कोरड्या पडल्या होत्या आणि आपल्या या आडावर पोहरा पाण्याला टेकत होता. वरचा पाला कुजून माती धरायला लागली होती, आलेला थोडा पाऊसही पळून न जाता आत मुरत होता. तुम्ही हे कधी बोलून दाखवलं नाहीत. तुमचा भाऊ आडावरून पाणी आणायचा आणि तुमच्याकडे न बघता घागर खाली ठेवायचा.

त्याच वर्षी मी एकदा डोंगरावर रडले, तेवढं तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. पाऊस दडी मारून बसला होता आणि भर पावसाळ्यात झाडांनी पानं टाकली होती. सगळा डोंगर काटक्या. मी म्हणाले, गेलं सगळं, बैल गेले ते गेले, आता हेही गेलं. तुम्ही धावड्याची साल नखानं खरवडलीत. आत हिरवं होतं. "मेलं न्हाई ते," तुम्ही म्हणालात. "खर्च कमी केलाय त्यानं." आणि माझ्या नाकाला तुमचा पदर लावलात, तंबाखूच्या वासाचा. ती एकच वेळ असेल तुम्ही माझं नाक पुसल्याची.

मग पाऊस बरा झाला, झुडपांची झाडं झाली आणि सीताफळं एवढी लागली की आपण संस्था काढली. गावचे पुढारी हसले. सहकार म्हणजे साखर कारखान्याची चिमणी, गाळप आणि गाडीतून उतरणारा अध्यक्ष एवढंच त्यांना ठाऊक. बायकांचा सहकार म्हणजे पाट्या, ओसरी आणि गर काढायला बसलेल्या पंचवीस-तीस जणी. वडवणीचे फळवाले चाँदभाई तेवढे हसले नाहीत. टेम्पो घेऊन आले, एक फळ फोडलं, बोट चाटलं आणि म्हणाले, "अक्का, हा माल दुसऱ्या कुणाला दावू नका."

आणि त्या दिवसापासून तुमचा नेम सुरू झाला. डोंगर उघडायचा दसऱ्याला. सोनं लुटून, शिलंगण करून बाया फाटकाशी जमायच्या, तुम्ही काट्या ओढायच्या, वरच्या डोंगराईच्या दगडाला कुंकू लावायचं, पहिलं फळ तुम्ही तोडायचं. त्याआधी कुणी हात लावला तर दंड पाण्याचा. एका फळाला एक घागर, डोक्यावरून वर न्यायची आणि डोंगराईजवळ तुम्ही लावलेल्या वडाला घालायची.

दसराच का, तर तेव्हा फळ तयार असायचं. आणि दसऱ्यानंतर मुकादमाचे ट्रक लागतात. सीताफळाचा पैसा हातात आला तर बाई कोयता घेऊन ऊसतोडीला न जाता घरी राहते. लेकरं शाळेत राहतात. हे सगळं त्या एका दिवसाला बांधलेलं होतं.

सरूबाईनं तो नेम मोडला तो लेकीच्या डोहाळ्यांसाठी. सात महिन्यांची पोटुशी लेक माहेरी आलेली, तिला सीताफळाची वासना झाली. आईनं दसऱ्याच्या आधी ओटीभर तोडली. मी तुमच्या पाया पडले, म्हणाले, "वन्सं, पोटुशीचं मन आहे, सोडा." तुम्ही म्हणालात, "तिचं सोडलं तर उद्या समद्या पोटुशा हुतील." सरूबाईनं घागरी वाहिल्या. तुम्ही वडाखाली बसून मोजल्यात. मला त्या दिवशी तुमची किळस आली होती, वन्सं. पण त्याच संध्याकाळी सरूबाईच्या लेकीला तुपातला शिरा कुणी नेऊन दिला तेही मला माहीत आहे, कारण डब्यातलं तूप माझं होतं.

आणि दर दसऱ्याला ते पहिलं फळ. तुम्ही स्वतः सीताफळ खात नव्हतात. "बिया थुंकत कोण बसणार?" ते फळ तुम्ही ओट्यात घालून घरी आणायचात, कोठीतल्या ज्वारीत पुरायचात आणि मऊ झालं की माझ्या ताटाशेजारी आदळायचात. "खा. डोळे काय वटारतीस?" इतक्या वर्षांत एकदाही नीट हातात दिलं नाहीत. इतक्या वर्षांत एकदाही चुकवलं नाहीत.

मग ऋतूंनी तारखा पाळणं सोडलं. मृगाचा पाऊस आर्द्राला, आर्द्राचा कधी येतच नाही, आणि नको तेव्हा गारा. डोंगर आपल्या परीनं सावरून घ्यायचा. फूल थांबवून धरायचा, पाऊस लागला की मग धरायचा फळ. झाड पंचांग बघत नाही. फळ तयार झालं की त्याच्या खवल्यांमधल्या भेगा रुंदावतात, पिवळट होतात. डोळे उघडले म्हणतो आपण त्याला. डोळे उघडायच्या आधी तोडलं तर ते पिकत नाही, काळं पडतं, दगड होतं. हे आपल्या गावातल्या पोरीबाळींनाही कळतं. तरी एका वर्षी, डोळे मिटलेले असताना, आपण सगळ्यांनी मिळून दसऱ्याला डोंगर उघडला, कारण दसरा होता. टेम्पो भरून माल गेला. चार दिवसांनी चाँदभाई तोच माल घेऊन परत आले. क्रेट उघडले तर सगळं काळं. बिचारे आवाजही चढवेनात. "अक्का, खुदा कसम, जनावर बी खायचं न्हाई हे." त्या वर्षी निम्म्या बाया ट्रकमध्ये बसून गेल्या.

तेव्हापासून आपलं भांडण. मी म्हणायचे, दिवस सोडा, झाडाचं ऐका. तुम्ही म्हणायचात, झाडाचं ऐकायला गेलं की प्रत्येकीला वेगळं ऐकू येतंय. "आज हिला डोळा उघडा दिसंल, उद्या तिला. मग ही पहाटं जाईल, ती त्याच्या आदी जाईल. म्होरल्या वर्षी डोंगराला फाटक ऱ्हाणार न्हाई. दिस हाय म्हणून बाया हायेत." मी म्हणायचे, "आणि फळच नसलं तर बाया काय चाटायच्या?" तुम्ही म्हणायचात, "तू भाकरीच्या कडा बघ." भाकऱ्या थापताना, भांडी घासताना, डोंगर चढताना, हेच. तुमचं चुकत होतं असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. माझंही चुकत नव्हतं. म्हणून तर ते संपत नव्हतं.

तो शेवटचा दिवस. सकाळी आपण दोघीच वर गेलो. सीताफळांवर बोटं फिरवत तुम्ही एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जात होता. फळं घट्ट, डोळे मिटलेले, दसरा तोंडावर. मी नेहमीचं बोलले. तुम्ही तुमचं नेहमीचं बोलाल म्हणून उत्तरही तयार ठेवलं. तुम्ही म्हणालात, "बघू."

'बघू' हा शब्द मी तुमच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मला वाटलं तुम्ही मला उडवून लावताय. मी फणकाऱ्यानं पुढे निघाले. मागे वळून बघितलं तर तुम्ही ओट्याशी पदर मुठीत धरून हळूहळू उतरत होता. मला वाटलं पोटात दुखतंय. विचारलं नाही. घरी येऊन तुम्ही आत गेलात, कोठीचं झाकण वाजलं, मग बाहेर ओसरीवर येऊन खांबाला टेकलात. म्हणालात, "पाणी आण गं." मी तांब्या घेऊन आले तर तुम्ही मान कलती करून बसलेल्या. तांब्या माझ्या हातातच राहिला. सासरचं कुणी आलं नाही. अग्नी तुमच्या भावानं दिला आणि घरी येऊन ते रिकाम्या गोठ्यात जाऊन बसले. हाक मारली तर म्हणाले, "तिचं बरोबर व्हतं. मी बोललो न्हाई तिला." एवढंच म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दळण काढायला मी कोठीत हात घातला. खोल, ज्वारीत, काहीतरी टणक लागलं.

सीताफळ होतं, वन्सं. काळं पडलेलं, आक्रसलेलं, दगडासारखं. देठाला एक वाळकं पान.

मी तिथेच खाली बसले. तुम्ही सीताफळ खात नाही. तुम्ही पोटुशीला सोडलं नाहीत. तुम्ही सख्ख्या भावाच्या बैलांना सोडलं नाहीत. आणि तुम्ही दिवसाच्या आधी फळ तोडलंत, चोरासारखं पदरात लपवलंत आणि माझं म्हणणं खरं की खोटं ते बघायला ज्वारीत पुरलंत. म्हणजे त्या 'बघू'मध्ये खरंच बघणं होतं. पाण्याचा तांब्या हातात घेऊन मी उभी होते तेव्हा तुम्ही मला हेच सांगणार होता का? की पिकलं असतं तर माझ्या तोंडावर आपटणार होता आणि काळं पडलं असतं तर गुपचूप उकिरड्यावर टाकणार होता? तुमचा काही भरवसा नाही. दोन्ही करू शकला असतात.

मग माझ्या लक्षात आलं की माझ्या हातात काय आहे. हे फळ दाखवलं तर बाया थांबतील. पण मग अक्कानं नेम मोडला हे गावभर होईल, आणि ज्या फाटकाला तुमच्या एका शब्दाची काटी होती, ती काटी मी माझ्या हातानं उपसेन. नाही दाखवलं तर तुमच्या नावानं डोंगर ओरबाडला जाईल, माल काळा पडेल, बाया ट्रकमध्ये बसतील, आणि एकदा पोट उपाशी राहिलं की फाटक जळणाला जातं. मी ते फळ फडक्यात बांधून उशाशी ठेवलं. तुमच्यावर चिडले. मरतानासुद्धा तुम्ही माझ्या गळ्यात काहीतरी अडकवूनच गेलात.

काल दसरा झाला. शिलंगण करून सगळ्या फाटकाशी आल्या. नवी लुगडी, डोक्यावर पाट्या, खाली रस्त्यावर चाँदभाईंचा टेम्पो. तुमच्या जागी सरूबाई पुढे झाली आणि काटी ओढायला तिनं हात घातला. मी आडवी झाले. फडकं सोडलं.

"हे वन्संनी तोडलंय," मी म्हणाले. "गेल्या त्या दिवशी. ज्वारीत पुरलं होतं."

सरूबाईनं फळ हातात घेतलं, वास घेतला, नखानं खरवडलं. आत हिरवं नव्हतं.

"दिसाच्या आदी तोडलं अक्कानं?"

"आधी."

तिचं तोंड असं झालं की मला वाटलं आता ही थुंकेल. त्या घागरी तिच्या मानेत अजून असतील. ती त्या काळ्या फळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग दंड लागंल."

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. सरूबाईनं वळून बघितलं. "हासाया काय झालं? नेम त्यो नेम. अक्काला लागू न्हाई असं कसं? एक फळ, एक घागर." आणि तिला रडू फुटलं, वन्सं. तेराव्याचं नव्हे, खरं, तोंड वेडंवाकडं करून. मग सगळ्याच रडल्या. त्या दिवशी फोटोतल्या बाईसाठी रडत होत्या. काल तुमच्यासाठी रडल्या.

मी म्हणाले, "मी भरते दंड."

"तू कावून? तुजं फळ हाय का?"

"माझ्यासाठीच पुरलं होतं," मी म्हणाले.

काटी कुणी ओढली नाही. ठरलं ते असं, की दर सोमवारी सगळ्यांनी मिळून वर जायचं, मिळून बघायचं, आणि सगळ्यांना डोळे उघडे दिसतील त्या दिवशी मिळून तोडायचं. दिवस तुमचा, डोळा माझा. तुम्ही म्हणाला असतात, "ह्यात नवं काय सांगितलंस?" काही जणी थांबणार नाहीत, पोटाला थांबता येत नाही, त्या ट्रकनं जातील आणि त्यांचा वाटा कसा ठेवायचा यावर पुढे भांडणं होतील. सरूबाई म्हणाली, "माजा कोयता दिवाळीपस्तोर भिंतीला." चाँदभाई टेम्पो रिकामाच घेऊन गेले. जाताना मला म्हणाले, "भाबी, अक्का असत्या तर आज मला शिव्या दिल्या असत्या, इतक्या लवकर कावून आला म्हणून." आणि रुमालानं डोळे पुसले.

आज सकाळी मी आडावर घागर भरली आणि वर चढले. तुमच्या वयाला मी अजून आले नाही, पण गुडघे आले आहेत. अर्ध्या वाटेवर पाणी हिंदकळून मानेवरून पाठीत गेलं. मी तुम्हाला दोन शिव्या दिल्या. सीताफळीच्या फांद्या बाजूला सारत गेले. मला तुम्ही दाखवलेल्या त्या बोटभर कडुनिंबाखाली आता उभं राहता येतं, सावलीत. मी उभी राहिले. मोजायला वडाखाली कुणी बसलेलं नव्हतं. घागर पालथी केली. यंदाच्या कोरड्या मातीनं पाणी बघता बघता ओढून घेतलं.

तुमचा दंड फिटला, वन्सं. आपलं भांडण तेवढं राहिलं. रिकामी घागर घेऊन मी घरी आले, भाकऱ्या केल्या, आणि सवयीनं कोठीपाशी जाऊन ज्वारीत हात घालून बघितलं. आत काही नव्हतं. ते फळ आपण दोघींनी मिळून बाहेर काढायचं होतं. मी एकटीनंच काढलं.